रक्तातील अंक आणि रुग्णाची हकीकत
(भोसले घाटावर मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



नागपूरकर भोसल्यांनी बांधलेल्या या घाटावर, लक्ष्मीनारायणाच्या सान्निध्यात, धर्म, इतिहास आणि साहित्य यांची चर्चा शोभून दिसते. मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात आरोग्याच्या विषयालाही स्थान दिले, याबद्दल मी आभारी आहे. अधिवृक्क ग्रंथी आणि पोषग्रंथी यांच्या हॉर्मोनांची तपासणी रुग्णाने कशी समजून घ्यावी, एवढाच मर्यादित विषय मी आज घेणार आहे.

पोषग्रंथी मेंदूच्या तळाशी असते आणि आकाराने वाटाण्याएवढी असते. अधिवृक्क ग्रंथी दोन. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक. पोषग्रंथी एसीटीएच हे हॉर्मोन रक्तात सोडते आणि त्याच्या प्रेरणेने अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल निर्माण करतात. रक्तदाब टिकविणे, रक्तातील साखर सांभाळणे आणि आजाराचा ताण सोसणे ही कॉर्टिसॉलची प्रमुख कार्ये होत. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की पोषग्रंथी आपला हात आखडता घेते. ही देवघेव ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व तपासण्यांचे मर्म उलगडते.

पहिली गोष्ट वेळेची. कॉर्टिसॉल जागे होण्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि मध्यरात्री सर्वांत कमी. म्हणून रक्त सकाळी आठच्या सुमारास घेतात. सकाळी आठ वाजता डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम हा अंक उणिवेची शंका उत्पन्न करतो. मध्यरात्री तोच अंक मुळीच कमी नव्हे. जो नित्य मंगला आरतीसाठी रात्री अडीच-तीनला उठतो, किंवा जो रात्रपाळी करतो, त्याने आपली झोपण्या-उठण्याची वेळ डॉक्टरांना आवर्जून सांगितली पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी की, एका अंकाने पुष्कळदा निर्णय होत नाही. उणिवेची शंका असेल तर ग्रंथीला चेतवून पाहतात: एसीटीएचचे २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. आधिक्याची शंका असेल तर ग्रंथीला दाबून पाहतात: रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी आठला रक्त. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल त्या वेळी सहसा १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरते. गोळी विसरली किंवा उशिरा घेतली तर तसे स्पष्ट सांगावे. नाही तर नसलेला रोग पदरी पडावयाचा.

तिसरी गोष्ट औषधांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांवर दिली जाणारी स्टेरॉइडे कॉर्टिसॉलचीच भावंडे आहेत. ती दीर्घकाळ घेतल्यास पोषग्रंथी स्वस्थ बसते आणि अधिवृक्क ग्रंथी सुकत जातात. गोळ्याच नव्हेत, तर मलमे, सांध्यातील इंजेक्शने आणि दम्याचे फवारेही हे करू शकतात. गुडघ्यांना जादूसारखा आराम देणाऱ्या निनावी पुड्यांमध्येही पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. अशी पुडी एकाएकी बंद केली आणि त्यातच ताप आला, तर रक्तदाब कोसळून प्राणांवर बेतू शकते. म्हणून पुडी घेत असाल तर संकोच न करता डॉक्टरांपुढे ठेवा. गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसॉलचा अंक फुगतो आणि केसांसाठी घेतलेल्या बायोटिनने काही यंत्रांचे मोजमाप चुकते; तेही सांगावे. मात्र तपासणीसाठी कोणतेही स्टेरॉइड स्वतःच्या मनाने थांबवू नये.

आता हे रोग ओळखावयाचे कसे? लंडनच्या टॉमस ॲडिसन या वैद्याने १८५५ मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या ऱ्हासाचे वर्णन केले. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक मोठे कारण आहे. अशक्तता, वजन घटणे, खारट खाण्याची ओढ, उठताच भोवळ येणे, आणि हिरड्या, तळहाताच्या रेषा व जुने व्रण काळवंडणे ही त्याची लक्षणे. आपल्या सावळ्या कातडीवर हा काळेपणा उन्हाच्या खात्यावर जमा होतो आणि निदान लांबते.

पोषग्रंथीची कथा आणखी करुण आहे. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीची पोषग्रंथी निकामी होऊ शकते. तिला दूध येत नाही, पाळी परतत नाही, ती सदा थकलेली असते. आणि घरातील मंडळी वर्षानुवर्षे तिला आळशी म्हणतात. घोणस चावून वाचलेल्या काही शेतकऱ्यांतही हाच दोष आढळतो. अशा रुग्णाची थायरॉइडची नुसती टीएसएच तपासणी सामान्य येऊन फसवू शकते. शिवाय कॉर्टिसॉलची उणीव भरून काढण्यापूर्वी थायरॉइडची गोळी सुरू केल्यास प्रकृती अकस्मात बिघडण्याचा धोका असतो. म्हणून बाळंतपणाची किंवा सर्पदंशाची हकीकत वीस वर्षांची जुनी असली तरी ती सांगितलीच पाहिजे. ती कोणत्याही यंत्राला रक्तात सापडत नाही.

निदान झाल्यावर औषध बहुधा जन्मभर घ्यावे लागते. एकादशी असो वा कार्तिकाचे व्रत, ही गोळी चुकवू नये. ताप आल्यास मात्रा किती वाढवावी आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. तो कागद नेहमी खिशात बाळगावा आणि घरातील एकाला तरी पाठ असावा.

या शहरात काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात या रोगांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तेथे जाताना जुने कागद, घरातील सर्व औषधे आणि ती निनावी पुडीसुद्धा एका पिशवीत घालून न्यावी. आपल्या आळीत वर्षानुवर्षे थकलेली एखादी माउली असेल, तर तिच्या बाळंतपणाची विचारपूस करून तिला सोबत न्यावे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढे मनावर घेतले तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.