बोटांवरची पूड



लहानपणी तुम्ही फुलपाखरू पकडलं असेलच. मीही पकडलं आहे. पंख चिमटीत धरायचे, थोडा वेळ बघायचं आणि सोडून द्यायचं. बोटांवर चमचमती पूड उरायची, ती कपड्यांना पुसून टाकायची. आज मला त्या पुसून टाकलेल्या पुडीबद्दल बोलायचं आहे.

ही पूड म्हणजे फुलपाखराचे खवले. कौलारू छपरावर कौलं बसवतात ना, तसे ते पंखावर एकमेकांवर चढवलेले असतात. एकेक खवला मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका. ताकदवान सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उभ्या कडा, आडव्या पट्ट्या आणि मधे बारीक भोकं दिसतात. पंखांचे रंग या खवल्यांमुळे, हे आपल्याला ठाऊक असतं. पण पंख किती तापणार, हेही काही प्रमाणात तेच ठरवतात.

फुलपाखराला उडण्यासाठी ऊब लागते. म्हणून सकाळी ते उन्हात पंख पसरून बसतं. पण पंख इतका पातळ, की काही सेकंदांत तापतो. आणि तो आपल्या नखासारखा निर्जीव नाही. त्याच्या शिरांतून रक्तासारखा द्रव वाहतो, आत संवेदी पेशी असतात. काही जातींच्या नरांच्या पंखावर गंध सोडणारे ठिपके असतात. या जिवंत भागांना जास्त उष्णता सोसत नाही.

मग उष्णता बाहेर टाकायची कशी? तव्याला हात न लावताही धग जाणवते, कारण तवा डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण सोडत असतो. प्रत्येक गरम वस्तू असे किरण सोडून निवते. पंखाची अडचण अशी, की अगदी पातळ पापुद्र्यातून हे किरण फार कमी निघतात.

कोलंबिया विद्यापीठातले नानफांग यू आणि हार्वर्डमधल्या नाओमी पियर्स यांच्या गटाने २०२० मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांच्यासमोर पहिला पेच कॅमेऱ्याचा होता. पंख इन्फ्रारेड किरणांना अर्धवट पारदर्शक असतो. त्यामुळे नेहमीच्या उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला पंखाची उष्णता कोणती आणि मागच्या वस्तूची कोणती, हे नीट कळत नाही. म्हणून त्यांनी मोजण्याची वेगळी पद्धत तयार केली.

तेव्हा दिसलं, की उन्हात शिरा आणि गंधाचे ठिपके हे जिवंत भाग पंखाच्या बाकीच्या भागापेक्षा थंड राहतात. शिरांवर कायटिनचा थर जाड असतो. गंधाच्या ठिपक्यांवरचे खवले खास सूक्ष्म रचनेचे असतात. दोन्हींमुळे इन्फ्रारेड किरण जास्त निघतात. म्हणजे सगळा पंख थंड ठेवण्याचा खटाटोप नाही. जिथे जीव आहे, तिथेच ही सोय!

एवढं करूनही पंख तापला तर? संशोधकांनी पंखावर प्रकाशाचा छोटा झोत टाकून पाहिला. तापमान सुमारे ४० अंशांवर गेलं, की फुलपाखरं वळायची किंवा जागा सोडायची. पंखावर कुठे चटका बसतोय, हे त्यांना कळत होतं.

आता पुन्हा त्या पुडीकडे या. चार खवले गेले म्हणून फुलपाखरू लगेच मरत नाही, हे खरं. पण गळलेला खवला पुन्हा उगवत नाही. कोषातून बाहेर येताना जेवढे मिळाले, तेवढ्यावरच सगळं आयुष्य काढायचं.

तेव्हा घरातलं लहान मूल फुलपाखरामागे धावलं, तर त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि दोघं मिळून बघा, ते उन्हात पंख कधी पसरतं, कधी मिटतं, कधी सावलीकडे वळतं. चिमटीत धरलेल्या फुलपाखरात हे काहीच दिसत नाही.