२३७ दिवसांची अंतराळसाधना



३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून अंतराळात झेपावले, हे प्रत्येक भारतीयाला ठाऊक आहे. परंतु सॅल्यूत-७ स्थानकात त्यांचे स्वागत करणारे कोण होते, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव्ह आणि हृदयरोगतज्ज्ञ ओलेग अत्कोव्ह हे तिघे सोव्हिएत अंतराळवीर ८ फेब्रुवारीलाच सोयूझ टी-१० यानाने तेथे दीर्घ मुक्कामासाठी रवाना झाले होते.

सप्टेंबर १९८३ मध्ये याच स्थानकाकडे जाणाऱ्या अग्निबाणाने बैकानूरच्या तळावरच पेट घेतला. तितोव्ह आणि स्त्रेकालोव्ह हे दोघे सुटकेच्या यंत्रणेमुळे बचावले. त्याच महिन्यात स्थानकाच्या इंधनप्रणालीला गळती लागली. मागे आग आणि पुढे नादुरुस्त घर, अशा स्थितीत या तिघांनी प्रस्थान ठेवले. अंधारलेल्या स्थानकात त्यांनी विजेऱ्या घेऊनच पाऊल टाकले.

किझिम आणि सोलोव्योव्ह एकूण सहा वेळा स्थानकाबाहेरच्या निर्वात पोकळीत उतरले. एप्रिल-मे महिन्यांतील चार प्रयत्नांनंतरही गळतीचे काम पुरे झाले नाही. जुलैमध्ये झानिबेकोव्ह यांनी पृथ्वीवरून खास अवजार आणून दिले आणि ८ ऑगस्टला त्याने नळी दाबून बंद करण्यात आली. आत अत्कोव्ह सहकाऱ्यांच्या हृदयावर होणारा भारहीनतेचा परिणाम तपासत होते. राकेश शर्मा यांनी तेथे केलेले योगासनांचे प्रयोगही भारहीन अवस्थेतील शरीराच्या अभ्यासासाठीच होते.

सोयूझ यान अंतराळात मर्यादित काळच भरवशाचे राहते. म्हणून ११ एप्रिलला शर्मा, मालिशेव्ह आणि आगीतून वाचलेले तेच स्त्रेकालोव्ह जुन्या टी-१० यानातून परतले. नवे टी-११ मुक्कामी चमूसाठी मागे राहिले. त्याच यानातून २ ऑक्टोबरला ते तिघे पृथ्वीवर उतरले. २११ दिवसांचा पूर्वीचा विक्रम मागे पडला होता.

२०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचा संकल्प भारताने केला आहे. उड्डाणाच्या दिवशी देशभर जल्लोष होईल, आणि तो व्हायलाच हवा. मात्र स्थानक तगते ते गळकी नळी पुन्हा पुन्हा दुरुस्त करणाऱ्या आणि सहकाऱ्यांची नाडी रोज तपासणाऱ्या हातांवर. असे हात घडविण्याची सिद्धता आजपासूनच व्हावयास हवी.