उशिरा हाती आलेली लेखणी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय मी माझ्या रोजच्या कामातलाच निवडला आहे. संसार सावरून, मुले मार्गी लावून, चाळिशीच्या पुढे पुन्हा कॉलेजात नाव घालणाऱ्या बायकांना लिहावयास कसे शिकवावे, हा तो विषय.

आपल्या भागात ही वाट उशिरा उघडली, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले १९५० साली, तर लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ साली. तेव्हा आपल्या आजीला कॉलेज ठाऊक नव्हते आणि आईला ते दुरून दिसले, यात त्यांचा काय दोष? पुढे १९८९ साली यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, नांदेडला त्याचे विभागीय केंद्र आले आणि १९९४ साली नांदेडला स्वतःचे विद्यापीठही मिळाले. दहावी-बारावी राहून गेली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. दार उघडले खरे. परंतु दारातून आत गेलेली बाई कोऱ्या कागदाशी अडते.

ती अडते ती ज्ञानासाठी नव्हे. बचत गटाचा हिशेब तिच्या तोंडी असतो. पाऊस लांबला तर सोयाबीनचे काय होईल आणि घराचे काय होईल, हे ती तासभर सांगेल. तेच दहा ओळींत लिही म्हटले की हात थांबतो. आमच्या वर्गातील एक बाई म्हणाल्या, “बाई, बोलताना कोणी मार्क देत नाही, म्हणून बोलता येतं.” या एका वाक्यात सगळे दुखणे आले.

म्हणून पहिल्या दिवशी मी निबंध देत नाही. येळवशीची तयारी तोंडी सांगा, म्हणते. मग काय विचारता! आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ आणि ताक, भज्जीच्या शेंगा नि भाज्या, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, शेताभोवती शिंपण, सारे क्रमाने येते. तो क्रम फळ्यावर मांडला की मी सांगते, “हे पाहा, तुमचे परिच्छेद तयार झाले. आधी काय, मग काय आणि कशासाठी, एवढेच लेखनात असते.” परीक्षेतील ‘कारणे द्या’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ हे प्रश्नही याच रीतीने सुटतात. दोन जावांच्या हातच्या भज्जीतला फरक जिला नेमका सांगता येतो, तिला दोन राज्यव्यवस्थांतला फरकही मांडता येईल. मात्र त्यासाठी धडा आधी समजलेला हवा.

दुसरी गोष्ट बोलीची. आपल्याकडची बाई “मी भाकरी करायले” असे लिहिते. त्यावर लाल रेघ ओढली की ती पुढचे वाक्य लिहीतच नाही. मी सांगते, ही आपली घरची भाषा, तिची लाज नको. उत्तरपत्रिकेत मात्र “मी भाकरी करीत आहे” असे लिहावे. घरात एक लुगडे, लग्नाला दुसरे. म्हणून घरचे लुगडे कोणी टाकून देत नाही. ‘पानी’चे ‘पाणी’ सुधारावयाचे तेही एका वेळी एकच चूक धरून. पंधरा चुका एकदम दाखविल्या तर त्यातून शिकणे होत नाही, केवळ धीर खचतो.

उशिरा शिकणे ही नामुष्की नव्हे. रमाबाई रानडे लग्नानंतर, घरच्या बायकांचा विरोध सोसून अक्षरे गिरवू लागल्या, आणि १९१० साली त्यांचे आठवणींचे पुस्तक आले. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या, तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचक अजून वाचतो. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायकांना तर लिहिताही येत नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. शब्द आपल्याकडे होतेच. लेखणी तेवढी नव्हती.

आता एक कडू गोष्ट बोलते. पुष्कळ घरांत बाईचे स्वाध्याय मुलगा किंवा भाचा लिहून देतो, नाही तर गाइडमधून ते उतरविले जातात. घरच्यांना ती मदत वाटते. पण त्याने पदवीचा कागद हाती येतो आणि बाई होती तिथेच राहते. उद्या तलाठ्याकडे अर्ज द्यावयाचा झाला की पुन्हा भाच्याचीच वाट पाहावी लागते. मदतच करावयाची असेल तर संध्याकाळची एक भाकरी थापा आणि तिला तासभर मोकळी सोडा. मोडकेतोडके का होईना, तिचे तिला लिहू द्या.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. आपली खोली दुपारी दोन ते चार रिकामी असते. आठवड्यातून दोन दिवस ती लेखनवर्गासाठी द्यावी. फी नको, परीक्षा नको. प्रत्येकीने वही आणावी, दहा ओळी लिहाव्यात आणि शेजारणीला वाचून दाखवाव्यात. मंडळाचे इतिवृत्तही आळीपाळीने याच भगिनींनी लिहावे. सराव होईल आणि मंडळाच्या दप्तरात त्यांचे अक्षर राहील. शिकविण्यास मी येईन. आपल्या शेजारची जी बाई “आता या वयात काय” म्हणत असेल, तिला सोबत आणण्याचे काम तेवढे आपण करावे.