ज्यास दावे बांधता येते, त्याने पुढे यावे

(सावर्डे येथे पालक, शिक्षक व तरुण मंडळी यांच्यापुढे केलेले भाषण)



आम्हांस येथे बोलावताना तुमच्या मंडळींनी सांगितले की, बालवीर चळवळीवर चार शब्द बोला, म्हणजे मुलांस उत्तेजन मिळेल. आम्ही त्यांस तेव्हाच म्हटले, मुलांस उत्तेजनाची जरूर नाही. अंगावर गणवेश, गळ्यात स्कार्फ, हातात काठी आणि रानात रात्र काढण्याची परवानगी, एवढे कानांवर पडले की कोणते पोर घरी बसून राहील? उत्तेजन पाहिजे ते त्यांच्या बापांस, चुलत्यांस आणि आयांस. म्हणून आजचे भाषण मुलांनी ऐकले तरी चालेल, न ऐकले तरी चालेल. मोठ्यांनी मात्र मध्येच उठून जाऊ नये.

आम्ही एकदा एका खेड्यातील शाळेत गेलो होतो. तिचे नाव घेत नाही, कारण तशा शाळा पुष्कळ आहेत व एकटीसच दोष देणे बरे नव्हे. कपाट उघडले तो आत स्कार्फांची चळत, वरच्या दोन-चारांस झुरळांनी खाल्लेले. कोपऱ्यात काठ्यांची मोळी. विचारले, "तुमच्याकडे स्काऊट पथक आहे वाटते?" उत्तर आले, "होते. मास्तरांची बदली झाली." काठ्यांचा उपयोग काय, तर स्नेहसंमेलनाच्या मांडवास. स्कार्फांचा उपयोग काय, तर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. दोन दिवस पोरांनी स्कार्फ बांधायचे, पाहुण्यांस सलामी द्यायची आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवायचे. एका मास्तराची बदली झाली आणि तीस पोरांचे पथक मेले! त्या गावात काय दुसरा माणूस नव्हता? माणसे शंभर होती. पण त्यांतील प्रत्येकास वाटत होते की हे काम शिकलेल्याचे, पगारदाराचे, आपल्यासारख्याचे नव्हे. आमचे आजचे सारे भांडण या समजुतीशी आहे.

प्रथम ही चळवळ आली कोठून ते थोडक्यात सांगतो. १९०७ च्या ऑगस्टात बेडन पॉवेल नावाच्या इंग्रज सेनापतीने ब्राऊनसी बेटावर वीसएक मुलांचे शिबिर भरविले. तो साम्राज्याचा शिपाई होता, हे आम्ही लपवीत नाही. पण त्याने तेथे एक गोष्ट केली ती ध्यानात धरण्यासारखी आहे. अर्धीअधिक मुले बड्या शाळांतील श्रीमंतांची आणि बाकीची कष्टकऱ्यांची, अशी त्याने गोळा केली, त्यांच्या चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीवर मुलांपैकीच एक नायक नेमला. पुढील वर्षी त्याचे पुस्तक निघाले, त्यातील नियमांत स्पष्ट म्हटले की, दुसरा स्काऊट कोणत्याही थरातला असो, तो आपला भाऊ.

आता याच भावाची हिंदुस्थानात काय गत झाली ती पाहा. १९०९ च्या सुमारास बंगळूरास पथक निघाले, ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठी. आमच्या मुलांस दार बंद! सरकारास भीती अशी की, या पोरांस नकाशा वाचता येऊ लागला, खुणा ओळखता येऊ लागल्या, शिस्तीने एकत्र येता आले, तर उद्या ती आपल्याच विरुद्ध उभी राहतील. ज्या विद्येची सत्ताधाऱ्यास भीती वाटते, त्या विद्येत काही दम असला पाहिजे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. ते दार सरकारने आपण होऊन उघडले नाही. नागपूरचे बॅरिस्टर व्हिव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, शहाजहानपूरचे श्रीराम बाजपेयी, १९१६ साली मद्रासेस स्वतंत्र हिंदी संघ काढणाऱ्या ॲनी बेझंट व त्यांचे सहकारी अरुंडेल, पंडित मालवीय व हृदयनाथ कुंझरू, अशा मोठ्या माणसांनी आपला वेळ खर्चून ते उघडले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळे संघ एक होऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली व पुढील वर्षी १५ ऑगस्टला मुलींचा गाईड संघही तीत आला.

ही नावे मोठी आहेत, वकिलांची व पंडितांची आहेत, हे खरे. म्हणूनच तुम्हांस वाटते की आम्ही शेतात राबणारे, आम्ही रिक्षा चालविणारे, आमचे येथे काय काम? तर आता स्काऊटच्या अभ्यासक्रमात काय शिकवितात ते ऐका.

गाठी शिकवितात. त्यांतील एक गाठ खांबास किंवा खुंटास दोरी अडकविण्याची. हिंदी पुस्तकांत तिचे नावच खूँटा फाँस. ज्याने जन्मभर गाईचे दावे खुंटास बांधले त्यास ही गाठ पुस्तकातून शिकावी लागेल काय? दुसरी गाठ अशी की, कमरेभोवती बांधली असता तिचा फास आवळत नाही. विहिरीतला गाळ काढावयास जो उतरतो, त्याचा जीव अशाच गाठीवर असतो. चूल शिकवितात. तीन दगड मांडून, वारा कोणत्या अंगाने येतो ते पाहून, भर पावसाळ्यात ओल्या रानातून आतली सुकी काटकी निवडून जाळ कसा करावा, हे या गावच्या म्हाताऱ्या बाईइतके कोणास कळते? झाडे ओळखावयास शिकवितात. ऐन कोणता, किंजळ कोणता, कोणत्याचे लाकूड धूर करते, कोणत्याचा चीक डोळ्यांत जाता कामा नये, हे कवळ तोडणाऱ्यास विचारा. मातीतल्या पावलांवरून जनावर ओळखणे, पऱ्याचे पाणी गढूळ होऊ लागले की वर पाऊस झाला हे जाणणे, चांदण्यांवरून दिशा काढणे, हे सारे त्या अभ्यासक्रमात आहे.

म्हणजे पाहा! ज्या ज्ञानास शाळेने आजवर अडाणीपणा म्हटले, ज्याचे नाव काढले की पोरे लाजतात, तेच ज्ञान स्कार्फ बांधून, बिल्ला लावून शाळेच्या दारातून परत आले आहे. आणि आम्ही त्यास ओळखीत नाही! आम्ही म्हणतो, हे साहेबाचे. अहो, साहेबाने पुस्तक लिहिले. विद्या गुराख्यांची, शिकाऱ्यांची, कोळ्यांची आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्यास दावे बांधता येते त्याची या कामातील अर्धी परीक्षा झाली. राहिलेली अर्धी मात्र कठीण आहे. ती म्हणजे, आपणांस येते ते स्वतः न करणे.

यात आम्ही स्वतः कसे फसलो ते सांगतो. आमच्या पहिल्याच शिबिरास तपासणीसाठी पाहुणे येणार होते. आम्हांस वाटले, तंबू कसे झोकदार दिसले पाहिजेत. मुलांच्या हातून दोऱ्या ढिल्या राहात, म्हणून आम्ही मोठ्यांनी रात्री बसून सर्व दोऱ्या पुन्हा बांधल्या. पाहुणे खूष झाले, पाठ थोपटली. दुसऱ्या रात्री वारा सुटला आणि पावसाची सर आली. भिजून दोऱ्या आखडल्या, मेखा उपटू लागल्या. आम्ही दोघे मोठे आणि तंबू सहा. पोरे आत बसून हाका मारीत होती, "सर, इकडे या!" एकासही दोरी सैल कशी करावी हे ठाऊक नव्हते, कारण आम्ही ते त्यांस करूच दिले नव्हते. पहाटे सारे ओलेचिंब होऊन शाळेच्या पडवीत बसलो होतो, तेव्हा एक लहानगा म्हणाला, "सर, उद्या आम्हीच बांधू का?" त्या दिवसापासून आम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहावयास शिकलो. फार जड जाते. पोरगा भात करपवीत असतो आणि आपली जीभ शिवशिवते. करपू द्यावे. एकदा करपलेले खाल्ले की पुढच्या वेळी तो चुलीपासून हलत नाही.

सहा ते आठ मुलांची एक टोळी, तिचा एक नायक, आणि असे नायक एकत्र बसून पथकाचे ठरवितात, अशी ही रचना आहे. येथे एक सावधगिरी पाहिजे. नायक कोण होतो इकडे लक्ष ठेवा. सरपंचाचा मुलगा, दुकानदाराचा मुलगा, गणितात पहिला येणारा, अशांच्या गळ्यात शिट्टी आपोआप जाते, आणि कातकऱ्याचे पोर, ज्यास रानाची वाट डोळे मिटून सापडते, ते शेवटी लाकडे वाहते. असे झाले तर आम्ही गावातली उतरंडच तंबूत नेऊन मांडली. शिट्टी फिरती ठेवा.

स्वयंपाकाचेही तसेच. एका शिबिरात एक गृहस्थ आम्हांस बाजूस घेऊन विचारू लागले, "आज हात कोणाचा आहे?" आम्ही भिंतीवरची पाळीची यादी दाखविली. त्यांनी आडनावे वाचली आणि चेहरा पाडला. तेवढ्यात त्यांचेच चिरंजीव ताट घेऊन दुसऱ्यांदा आमटी मागावयास आले. गृहस्थ काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. यादी मात्र पाच दिवस तशीच लटकत राहिली.

आता तुमच्या तालुक्याची गोष्ट. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी चिपळुणात पुराचे पाणी शिरले. मागल्या खेपेस तर माणसे माळ्यांवर आणि छपरांवर जाऊन बसली. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवऱ्याचे धरण फुटले आणि माणसे गेली. अशा वेळी तरुणांस धावावेसे वाटते, आणि ते चांगलेच आहे. पण पुरात पोरांस उतरविणारा स्काऊटमास्तर आम्हांस नको! "नाही, तू जायचे नाहीस" असे म्हणण्यासाठीच तेथे मोठा माणूस पाहिजे. मुलांचे काम पाणी ओसरल्यावर सुरू होते. कोणत्या घरी म्हातारे माणूस एकटे आहे त्याची यादी करणे, पाणी उकळून पिण्याचे घरोघर सांगणे, जखम धुऊन पट्टी बांधणे, फावडे घेऊन चिखल काढणे. ज्या गावात हे आधी शिकविलेले असते, तेथे मदतीच्या गाडीभोवती झुंबड होत नाही.

मोठ्या माणसाविषयी आणखी एक बोलतो. गोड लागणार नाही. मुले आपण ज्याच्या हाती सोपवितो तो चांगला असेल, असे धरून चालू नये. एकटा मोठा माणूस मुलांस घेऊन कोठेही जाणार नाही, दोघे पाहिजेत. मुली असतील तर बाई पाहिजेच. झोपण्याची जागा वेगळी पाहिजे. मुलांस लैंगिक अत्याचारापासून वाचविण्यासाठी २०१२ साली कायदा झाला, तो प्रत्येक स्काऊटमास्तराने समजावून घेतला पाहिजे. जो म्हणेल की "माझ्यावर विश्वास नाही काय?" त्यास नम्रपणे सांगावे की, हा नियम आम्हांलाही आहे.

तुम्ही म्हणाल, येथे पुरुषमाणूस आहे कोठे? ऐन उमेदीचा तो मुंबईस. खरे आहे. कोकणातल्या घरात बाप गणपतीस आणि शिमग्यास येतो. पण मग घर चालवितो कोण? शेत कोण लावते, गुरे कोण सांभाळते, आजाऱ्यास दवाखान्यात कोण नेते? बाईच ना? तर पथकही ती चालवील. गाईडच्या पथकास कॅप्टन पाहिजे, लहानग्यांच्या कब-बुलबुलांस सांभाळणारी पाहिजे. आणि चाकरमान्यांनीही सुटका झाली असे समजू नये. कोणी वीजतंत्री आहे, कोणी बस चालवितो, कोणी रुग्णालयात काम करतो. सणास आल्यावर त्यांनी एक सकाळ मुलांस आपली विद्या द्यावी. मात्र पथकाची जबाबदारी येथे राहणाऱ्यानेच घ्यावी. आठवड्याचा एक दिवस, तोही न चुकता. सणापुरता स्काऊटमास्तर आणि १५ ऑगस्टपुरता स्कार्फ, दोन्ही सारखेच.

या कामास पगार नाही. कोणी मानधनाची आशा दाखविली तर ती खोटी समजावी. पथक शाळेतच पाहिजे असेही नाही. गावची मंडळी मुक्त पथक काढू शकतात, मात्र त्याची नोंद संस्थेच्या जिल्हा शाखेकडे झाली पाहिजे आणि चालविणाऱ्याने आठवडाभराचे प्राथमिक शिक्षण घेतले पाहिजे. आठवडा म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडाली, हे आम्हांस ठाऊक आहे. जो जाईल त्याची लावणी किंवा कापणी बाकीच्यांनी उरकून द्यावी, असे आम्ही सुचवितो. तुमच्याकडे एकमेकांच्या शेतावर हात द्यावयाची रीत आहेच. ती येथे लावा. शिक्षकांसही विनंती आहे की, त्यांनी गावचा माणूस आपला प्रतिस्पर्धी समजू नये. तुमची बदली होईल, तो येथेच राहील.

सावर्ड्यास गोविंदराव निकमांनी उभी केलेली सह्याद्रि शिक्षण संस्था आहे, रेल्वेचे स्थानक आहे, महामार्ग दारावरून जातो. शाळा नाहीत अशी तक्रार येथे कोणी करू शकत नाही. उणीव आहे ती संध्याकाळी पाच वाजता शाळा सुटल्यावर मुलांची वाट पाहात पटांगणात उभ्या राहणाऱ्या माणसाची.

आम्ही उद्याही मुक्कामास आहोत. सकाळी सात वाजता पटांगणात येऊ. भाषण नाही, हार नाही, चहाही नाही. मुले येतीलच. मोठ्यांपैकी ज्यास यावेसे वाटेल त्याने घरची एक दोरी बरोबर आणावी. सुंभाची असेल तर बरे, नायलॉनची गाठ नवशिक्याच्या हातून सुटते. बायांनीही आणावी. कोणास कोणती गाठ येते ते आधी मुलांस दाखवू, पुस्तक मग उघडू.