दुखणं फोनवर सांगायचं कसं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, एसटी बंद झाली. ताप-खोकल्याची चौकशी सगळे करत होते. पण ज्यांची कंबर, गुडघे वर्षानुवर्षं दुखतात त्यांना कोण विचारणार? त्याच महिन्यात डॉक्टरांनी फोनवरून कसं तपासायचं याचे सरकारी नियम आले, एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. मोफत. ती सोय आजही आहे, म्हणून हे बोलते.

सूज व्हिडिओवर दिसते, कळ दिसत नाही. आपण सांगू तेवढंच डॉक्टरांना कळतं. आणि आपण काय सांगतो? "चालायचंच, वय झालं." नाहीतर फोन मुलाच्या हातात, तो म्हणतो "आईचा गुडघा दुखतो," आणि ठेवून देतो. लघवीचा त्रास त्याच्यासमोर कोणती आई बोलेल? म्हणून सोबत गटातली बाई बसू दे, पण बोलायचं जिचं दुखतंय तिनं.

"लई दुखतं" एवढ्यानं भागत नाही. दहापैकी किती, ते सांगा. किती महिने झाले? तीन महिन्यांच्या वर गेलं की ते जुनाट दुखणं. उकिडवं बसता येतं का, हंडा उचलतो का, रात्री किती वेळा जाग येते? गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा, मेडिकलमधून परस्पर आणलेली सुद्धा. ती लपवू नका. दुखण्याच्या काही गोळ्या रोज घेतल्या तर पोट आणि किडनी बिघडते, बीपी वाढतं. डॉक्टर व्यायाम सांगतील. खुरपणीच्या दिवसात वेळ कुठला, हे मला ठाऊक आहे, तरी झोपायच्या आधी अंथरुणावर होईल तेवढा करा.

पण लघवी-संडासचा ताबा सुटला, जांघेत बधिर झालं, पायातली ताकद गेली, तर फोन करत बसू नका. गाडी काढा, दवाखाना गाठा. कॅन्सरच्या दुखण्यावरचं मॉर्फिनही त्या नियमांप्रमाणे फोनवर लिहून देता येत नाही. तिथं घरच्यांना जावंच लागतं.

तर प्रत्येक ग्रामसंघानं स्मार्टफोन असलेल्या दोघींची नावं या महिन्यात द्या. त्यांच्या रिचार्जचा खर्च कुठून करायचा, ते आजच्या सभेतच ठरवू.