रहस्यपटाचीं पहिलीं दोन मिनिटें

(नभोवाणीवरील भाषण)

गरम चहाचा पेला निवेपर्यंत दोन मिनिटें सहज निघून जातात. एवढ्याशा अवधींत एक कथा सुरू करावयाची, तिच्यांतील माणसांची ओळख करून द्यावयाची, चित्रपटाची नामावळी दाखवावयाची, आणि वर प्रेक्षकाला खुर्चींतून हलूं द्यावयाचें नाहीं! हें काम कसलेल्या दिग्दर्शकालाहि जड जावें. पण इंग्लंडांत तें सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींवर सोंपविण्यांत आलें होतें. ओ. सी. आर. या परीक्षामंडळाच्या ‘मीडिया स्टडीज’ या विषयांत २००८ पासून जवळजवळ दशकभर विद्यार्थ्यांना एका नव्या काल्पनिक चित्रपटाचा प्रारंभ नामावळीसह तयार करण्याचें काम दिलें जाई. लांबी दोन मिनिटांहून अधिक नको, आणि संगीत एक तर स्वतःचें किंवा कोणाचा हक्क नसलेलें, अशा अटी असत. शंभर गुणांपैकीं वीस गुण अभ्यास व पूर्वयोजना यांना, साठ प्रत्यक्ष कृतीला, आणि उरलेले वीस स्वतःच्या कृतीच्या परीक्षणाला असत.

चित्रपट कोणत्या जातीचा करावा याची मुलांना मोकळीक होती. तरी अनेक गट रहस्यपटाकडेच वळत. कारण उघड आहे. ऐतिहासिक चित्रपटाला पोषाख लागतात, युद्धपटाला सैन्य लागतें; रहस्यपटाला मात्र एक अंधारी वाट आणि एक भेदरलेला चेहरा पुरतो, अशी समजूत असते. आणि याच समजुतींत खरी मेख आहे. तीन-चार मुलांचा गट योजना करावयास बसला, कीं पहिल्या तासांतच वहीचें पान भरून जातें: डोकें झांकणारा काळा अंगरखा, सुरी, रान, धांवणारी मुलगी, रक्ताचा डाग, आणि शेवटीं दचकून जागें होणें, कारण सर्व स्वप्न होतें! सामग्री सिद्ध झाली. पण कथानक कोठें आहे? हे सारे भीतीचे अलंकार झाले. तें भीतीचें कारण नव्हे. कोण धांवत आहे, तिचें काय हिरावलें जाणार आहे, हें ठाऊक नसतां तिच्या धांवण्याशीं प्रेक्षकाला काय कर्तव्य?

मग रहस्यपटाच्या प्रारंभाची योजना म्हणजे कशाची योजना? ती घटनांची योजना नव्हे; ती माहितीची योजना होय. कोणाला काय ठाऊक आहे, तें त्याला केव्हां कळतें, आणि कोणाला अद्याप कळलेलें नाहीं, एवढें ज्यानें निश्चित केलें, त्याचें निम्मेंअधिक काम झालें. आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानें १९६२ सालीं फ्रान्स्वा त्रूफो या फ्रेंच दिग्दर्शकाला ज्या दीर्घ मुलाखती दिल्या, त्यांत हें तत्त्व एका साध्या दृष्टांतानें समजाविलेलें आहे. दोन माणसें मेजाशीं बसून गप्पा मारीत आहेत आणि एकाएकीं मेजाखालील बाँब फुटतो. प्रेक्षक दचकतो; पण तें दचकणें कांहीं क्षणांचें. आतां तोच बाँब प्रेक्षकाला आधीं दाखवावा, तो केव्हां फुटणार हेंहि सांगावें, आणि मग त्याच दोन माणसांच्या त्याच कंटाळवाण्या गप्पा ऐकवाव्या. प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. गप्पांतला एक शब्दहि बदललेला नाहीं. बदललें तें प्रेक्षकाचें ज्ञान.

ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ या १९५८ सालच्या चित्रपटाचा प्रारंभ याच तत्त्वावर उभा आहे. पडद्यावर प्रथम दिसतात ते दोन हात आणि त्यांत कळ फिरवून वेळ लावलेला बाँब. तो एका मोटारीच्या मागच्या पेटींत ठेवला जातो. मोटारीचा मालक एका स्त्रीसह येऊन बसतो आणि मोटार मेक्सिकोच्या सरहद्दीवरील गांवांतून हळूहळू निघते. तिच्या आसपास एक नवविवाहित जोडपें पायीं चाललें आहे. तीन मिनिटांहून अधिक वेळ कॅमेरा एकदांहि न तोडतां या सर्वांच्या संगतीनें फिरतो. नाक्यावर मोटारींतील स्त्री, आपल्या डोक्यांत कसली तरी टिकटिक होत आहे, अशी तक्रार करते. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाहीं. प्रेक्षक मात्र त्या टिकटिकीसाठींच कान देऊन बसलेला असतो. विद्यार्थ्यांना वेल्सची यारी आणि त्याची रात्र परवडणार नाहीं. पण ‘आधीं बाँब दाखवा, मग माणसें चालूं द्या’ ही योजना वहीच्या एका ओळींत मावते आणि तिला पैसा पडत नाहीं.

कांहीं न दाखवितां काय साधतां येतें, याचें उदाहरण त्याहूनहि जुनें आहे. फ्रिट्झ लांगचा ‘एम्’ हा जर्मन बोलपट १९३१ चा. एका गरीब वस्तींत आई दुपारच्या जेवणाचें ताट मांडून एल्सी या आपल्या लहान मुलीची वाट पाहत आहे. शाळा सुटली आहे. एल्सी आपला चेंडू एका खांबावर आपटीत उभी आहे. त्या खांबावर मुलांच्या खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचें बक्षीस जाहीर केलेलें आहे. त्या जाहिरातीवर एका पुरुषाची सावली पडते. तो तिला आंधळ्या विक्रेत्याकडून फुगा घेऊन देतो. इकडे आई घड्याळाकडे पाहते, जिन्यांत डोकावते, हांका मारते. मग रिकामा जिना, रिकामा माळा, रिकामें ताट. झुडपांतून घरंगळत येऊन थांबलेला चेंडू. आणि तारांत अडकलेला फुगा. सुरी नाहीं, रक्त नाहीं, किंकाळीहि नाहीं. पण ज्यानें तें रिकामें ताट पाहिलें त्याला तें विसरतां येत नाहीं. एक ताट, एक चेंडू आणि एक फुगा यांपैकीं कोणती वस्तु शाळकरी मुलांना मिळणार नाहीं?

तिसरें उदाहरण पुन्हा हिचकॉकचें. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ या १९५१ सालच्या चित्रपटांत आरंभीं चेहरे दिसतच नाहींत. दोन भाड्याच्या मोटारी, त्यांतून उतरणारे दोन जोड बूट: एक भपकेबाज, दुसरा साधा. दोघे आगगाडींत शिरतात, समोरासमोर बसतात, आणि एकाचा बूट दुसऱ्याच्या बुटाला लागतो. तेथून संभाषण सुरू होतें आणि तेथूनच अनर्थहि. बूट पाहूनच माणसांचे स्वभाव कळले, आणि हे दोघे भेटणार हेंहि कळलें. हिचकॉकनें १९२० च्या सुमारास चित्रपटव्यवसायांत पाऊल टाकलें तें मूकपटांच्या पाट्या रंगविणारा म्हणून. अर्थात् नामावळी म्हणजे कथेच्या दाराशीं लावलेली अडगळ नसून कथेचाच एक भाग आहे, हें त्याला मुळापासून ठाऊक होतें.

आतां याच मार्गानें विद्यार्थ्यांच्या हातीं असलेल्या साधनांतून एक प्रारंभ रचून पाहण्यासारखा आहे. या परीक्षेंत मुख्य कृतीपूर्वीं एक लहानसा सराव करावा लागे: एक पात्र दार उघडून खोलींत येतें, खोली ओलांडून दुसऱ्या पात्रासमोर खुर्चीवर बसतें, आणि दोघांत एक-दोन वाक्यांचें बोलणें होतें. हेतु हा, कीं दार बाहेरून उघडतांना घेतलेलें चित्र आंतून घेतलेल्या चित्राशीं बेमालूम जुळावें, आणि बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक कल्पित रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच अंगास राहावा. बहुतेक मुलें हा सराव उरकून टाकीत आणि मग रहस्याच्या शोधांत रानाकडे धांव घेत. वास्तविक रहस्यपट त्या खुर्चीवरच बसलेला होता.

प्रथम संपूर्ण कथा चार वाक्यांत ठरवावी. कारण दोनच मिनिटें चित्रित करावयाचीं असलीं, तरी उरलेली सर्व कथा योजणाऱ्याला ठाऊक पाहिजे. समजा, एका घरांत बाप आणि शाळेंत जाणारा धाकटा मुलगा राहतात. थोरला मुलगा मोटारीनें एका पोराला धडक देऊन पळाला आहे आणि पोलीस त्याच्या मागावर आहेत. बापानें त्याला माडीवर लपविलें आहे. ज्या पोराला धडक बसली, तो धाकट्याचा जिवलग मित्र आहे. आतां खून नसतांहि येथें कांहींतरी पणाला लागलें आहे: एकीकडे भाऊ, दुसरीकडे मित्र, आणि मध्यें खोटें बोलणारा बाप.

यानंतर एकशें वीस सेकंदांची वांटणी. पहिलीं वीस सेकंदें: नळाखालीं एक हात घाईघाईनें पेला विसळतो, चेहरा दिसत नाहीं, नामावळीचीं पहिलीं नांवें वाहत्या पाण्याच्या बाजूस उमटतात. पुढचीं पसतीस: पाऊस, शाळेचें दप्तर, कुलपांत फिरणारी किल्ली, उंबरठ्याच्या आंत मोठ्या मापाचे, चिखलानें भरलेले बूट, मुलगा आपले बूट न पाहतां त्यांच्यावरच भिरकावतो. पुढचीं चाळीस: दार, खोली, खुर्ची. बाप समोर बसला आहे. मुलगा विचारतो, “कोणी आलं होतं का?” बाप म्हणतो, “छे! कोण येणार?” पण त्याची नजर क्षणभर जिन्याकडे जाते. पुढचीं पंधरा: मुलगा चहा ओतून घेतो; त्याच्या पाठीमागें नुकताच विसळलेला पेला पालथा पडून ठिबकत आहे. शेवटचीं दहा: माडीवर एक फळी करकरते, आणि बाप हात लांबवून रेडिओचा आवाज मोठा करतो. पडदा काळा होतो आणि चित्रपटाचें नांव येतें.

या योजनेंत महाग असें कांहीं नाहीं. माडीवरचा माणूस तर दाखवावयाचाच नाहीं. त्याच्यासाठीं एक फळीचा आवाज पुरे. आणि सरावांतला तो कोरडा नियमहि येथें सजीव होतो. कॅमेरा कल्पित रेषेच्या एकाच अंगास राहिला, तरच बापाची नजर प्रत्येक वेळीं एकाच दिशेस गेलेली दिसेल आणि जिना कोठें आहे हें प्रेक्षकाच्या मनांत पक्कें होईल. रेषा ओलांडली कीं नजर खिडकीकडे गेली असें वाटेल आणि सारें रहस्य खिडकींतून उडून जाईल. नियम कशासाठीं असतो, हें मुलाला अशा वेळीं कळतें.

योजना कागदावर उतरल्यावर कॅमेरा हातीं घेण्यापूर्वीं तिची एक परीक्षा घ्यावी. जिला कांहीं ठाऊक नाहीं अशा व्यक्तीला, घरांतल्या आजीलाहि चालेल, तीं दोन मिनिटें तोंडीं सांगावीं, आणि थांबून विचारावें, “आतां काय जाणून घ्यावंसं वाटतं?” ती म्हणाली, “माडीवर कोण आहे?” तर योजना साधली. ती म्हणाली, “तो पेला कोण विसळीत होता, आणि बूट बापाचे का?” तर एखादें चित्र अधिक स्पष्ट करावयास हवें. आणि ती म्हणाली, “मला कांहींच कळलं नाहीं,” तर तिला बोल लावूं नये. कुतूहल आणि गोंधळ हे दुरून सारखे दिसतात. परंतु कुतूहलांत प्रेक्षकाला आपला प्रश्न शब्दांत मांडतां येतो, आणि गोंधळांत येत नाहीं. नवशिके दिग्दर्शक पुष्कळदां गोंधळालाच रहस्य समजून बसतात.

याच्या उलट दोषहि आहे. कांहीं गट दोन मिनिटांत खून, तपास आणि खुन्याची अटक उरकतात; तो प्रारंभ होत नाहीं, आंखूड चित्रपट होतो. कांहीं जण सर्व चित्रपटांतले ठळक प्रसंग एकामागून एक फेकतात. ती जाहिरात होते. आणि कांहीं जण धुकें, झाडें व आकाश यांतच दीड मिनिट घालवून नमनालाच घडाभर तेल ओततात. प्रारंभाचें काम एकच: एक प्रश्न पेरणें, आणि तो उगवूं लागला कीं दूर होणें.

ज्या मुलांनीं हीं दोन मिनिटें तयार केलीं, त्यांपैकीं थोडींच पुढें चित्रपटाच्या धंद्यांत जाणार, हें उघड आहे. पण समोरच्या माणसाला काय ठाऊक आहे आणि काय नाहीं, याचा विचार करून बोलावें, हें शिकणें कोणाला वायां जात नाहीं. वकिलाला तें लागतें, शिक्षकाला लागतें, गोष्ट सांगणाऱ्या आजीला तर लागतेंच. काळा अंगरखा आणि सुरी बाजारांत विकत मिळतात. ठिबकणाऱ्या पेल्याकडे प्रेक्षकाचें लक्ष जाईल आणि मुलाचें जाणार नाहीं, ही किमया मात्र वहींत आधीं लिहावी लागते, खोडावी लागते, आणि पुन्हा लिहावी लागते.