प्राध्यापकांना पत्र लिहिताना संकोच कशाला?

(चाकूर येथील विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच झाला. आता पुढच्या वाटेविषयी बोलू. आपली मुले पदवी घेतात, जवळच्या महाविद्यालयात एम.ए., एम.एस्सी. करतात. त्यापुढे जायचे ठरवले, तर जो मार्गदर्शक वाट्याला येईल तो आपला आणि तो देईल तो विषय आपला, असे धरून चालतात. आपल्या आवडीच्या विषयावर कोण काम करतो हे शोधावे आणि त्याला स्वतः पत्र लिहावे, हे मनात येत नाही. आले तरी मन कचरते. एवढा मोठा माणूस, आपण कोण? ज्या घरात मामा किंवा काका प्राध्यापक आहेत, तिथल्या मुलाला या गोष्टी जेवता जेवता कळतात. आपल्या घरी सांगणारे कोणी नसते. म्हणून आज एवढाच विषय घेतो.

याबाबतीत बाबासाहेबांचे उदाहरण पाहावे. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांच्याशी त्यांचा गुरुशिष्यसंबंध जुळला. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. पुढे सिडनहॅम कॉलेजातील नोकरीची बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भाथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्यांच्यासाठी सेलिग्मन यांनी लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले.

मित्रांनो, हा वशिला नव्हता. वशिला नात्याचा असतो, पैशाचा असतो. शिफारस कामाची असते. सेलिग्मन यांनी बाबासाहेबांचे काम जवळून पाहिले होते, म्हणून ते लिहू शकले. आणि बाबासाहेबांनीही पत्रव्यवहार तुटू दिला नाही. १९१७ साली परतताना त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती युद्धात बुडवली गेली. १९२२ साली त्यांनी सेलिग्मन यांना कळवले की, मूळ प्रबंधाचे हस्तलिखित त्या बोटीबरोबर गेले आणि मी प्रबंध नव्याने लिहून काढला आहे. त्यात रडगाणे नाही. काय गेले आणि काय केले, एवढेच. तो ग्रंथ १९२५ साली सेलिग्मन यांच्याच प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण लंडनच्या एडविन कॅनन यांचे. १९२३ सालच्या बाबासाहेबांच्या रुपयावरील ग्रंथाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. त्यातली कित्येक मते आपल्याला मान्य नाहीत, हे कॅनन यांनी तिथेच सांगितले आणि तरीही विचारांच्या ताजेपणाची दखल घेतली. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. चांगल्या प्राध्यापकाला स्तुती नको असते. स्वतःचा प्रश्न असलेला विद्यार्थी हवा असतो.

तो प्रश्न आपल्याकडे असतो. आपल्या भागातील कोरडवाहू शेती, सोयाबीनचे भाव, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, बचत गट असूनही सावकाराच्या दारी जाणारी बाई, हे सगळे आपण पाहतो. आता पत्र कसे लिहायचे ते सांगतो. 'मला आपल्या हाताखाली संशोधनाची संधी द्यावी, मी आयुष्यभर ऋणी राहीन' असे लिहू नका. असे लिहा : 'बचत गटांच्या कर्जावरील आपला लेख मी वाचला. आमच्या तालुक्यात गटाचे कर्ज घेऊनही बायका सावकाराकडे जातात. असे का होते, याचा मला अभ्यास करायचा आहे. आपण येत्या वर्षी नवीन विद्यार्थी घेणार आहात का?' पहिल्या पत्रात पदर पसरलेला आहे, दुसऱ्यात विचारणा आहे. मात्र तो लेख खरोखर वाचलेला असावा. पत्र एका पानाचे असावे, प्राध्यापकाचे नाव अचूक असावे, सोबत शिक्षणाची माहिती आणि एक पानाचा आराखडा जोडावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. दोन-तीन आठवडे उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण द्यावी आणि मग पुढच्या नावाकडे वळावे. उत्तर न येणे म्हणजे अपमान नव्हे.

आपल्याकडील पीएच.डी.साठी एक नियम माहीत असू द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा आहे का हे आधी विचारणे हा उद्धटपणा नव्हे, शहाणपणा आहे. पत्राने प्रवेश परीक्षा आणि मुलाखत चुकत नाही. पण आपला विषय कोणाकडे न्यायचा हे कळते.

परदेशाचे थोडे वेगळे आहे. तिथल्या वर्गात शिकण्याच्या एम.ए., एम.एस्सी.ला प्रवेश बहुधा समिती देते. एकट्या प्राध्यापकाच्या होकाराने तो मिळत नाही. संशोधनाच्या पदवीसाठी मात्र इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथे अनेक ठिकाणी मार्गदर्शकाची संमती आधी लागते. अमेरिकेतले बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात, तेव्हा पत्रे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच गेली पाहिजेत. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. त्यांच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचाव्यात. शिष्यवृत्तीच्या विचारात प्रवेशपत्राचे वजन मोठे असते, हे विसरू नका. म्हणून सुरुवात पत्रापासूनच होते. ज्या सरांनी तुम्हाला शिकवले त्यांच्याकडे शिफारसपत्र मागायचे, तर महिनाभर आधी मागा.

पालकांनाही विनंती आहे. मुलगी रात्री दिव्याखाली कोणा परक्या प्राध्यापकाला पत्र लिहीत बसली, तर 'तुला कोण विचारतंय' असे म्हणू नका. तिच्या शेजारी बसा.

आणि मुलांनो, तुम्ही उद्या प्राध्यापक व्हाल. तेव्हा एखाद्या खेड्यातून मोडक्या इंग्रजीत लिहिलेले पत्र तुमच्याकडे येईल. त्यातला प्रश्न पाहा, भाषा मागाहून सुधारेल. आणि उत्तर जरूर द्या.

जयभीम.